एका वाक्याचा खलनायक

निवृत्ती गेल्याचं मला त्याच्या मेहुण्यानं सांगितलं. सांगलीतल्या माझ्या फोटो स्टुडिओत तो सकाळीच आला, पंख्याखाली बसला आणि म्हणाला, "दाजी गेलं. ऊन लागलं." ऊन लागलं? निवृत्तीला? मलकापूरच्या आसपासच्या गावांतून पंधरा वर्षं घरोघर पायपीट केलेला हिवताप खात्याचा माणूस, ज्याला आम्ही चिडवून वाळवणातला सांडगा म्हणायचो, तो उन्हानं मरतो? मी त्या भल्या माणसाला चक्क म्हणालो, "काहीतरी बोलू नका." त्याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात जे कळलं, ते ऐकल्यावर हा पहिला धक्का काहीच नव्हता असं वाटतं.

आम्ही दोघं एकाच आळीतले, शाळेत एका बाकावरचे. मी कोल्हापूरला एका सिनेमा स्टुडिओत कॅमेऱ्याची ओझी उचलायला गेलो आणि निवृत्ती हिवतापाच्या कामाला लागला. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, पिशवीत गोळ्या आणि काचपट्ट्या. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या. सुई बघून पोरं बोंब ठोकायची, पण निवृत्तीचं हसणं असं होतं की तीच पोरं पुढच्या खेपेला आपणहून बोट पुढं करायची. दारात कसं उभं राहावं हे त्याच्याकडून शिकावं. उंबऱ्यापासून दोन पावलं लांब, मान जराशी कललेली. तो तोंड उघडायच्या आधीच आतून आवाज यायचा, "या की, निवृत्तीदादा."

मला मात्र सिनेमा काढायचा होता. उरल्यासुरल्या रिळांचे तुकडे मागून मागून जमवले आणि एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मावशीच्या घरात बारा दिवसांत 'दुपारचे तिघे' उरकला. उरकला हाच शब्द बरोबर. गडीमाणसं उसात गेलेली, घरात एकटी बाई, दार सताड उघडं. तीन अनोळखी माणसं येतात, पाणी मागतात. पाण्याला आपल्याकडं कुणी नाही म्हणत नाही. बाई गुळाचा खडा आणि तांब्या आणायला आत जाते, वळून बघते तर तिघेही माजघरात बसलेले. तिथून दिवस मावळेपर्यंत ते उठत नाहीत, आणि मग जे होतं ते होतं. रक्ताला आम्ही काकवी वापरली. काळ्यापांढऱ्या चित्रात ती खपून गेली, पण मुंग्या चढल्या आणि अंगणातलं मढं दोनदा उठून पळालं.

तिघांतला म्होरक्या करणारा कऱ्हाडचा नट ऐन वेळी आलाच नाही. निवृत्ती रजा काढून आमचे दिवे धरायला आलेला. मी त्यालाच उभा केला. कपडेपट नव्हताच, त्यामुळं त्याच्या कामावरच्या खाकी कपड्यांतच. "मला काय येतंय रं त्यातलं?" तो म्हणाला. मी म्हणालो, "काही करू नकोस. रोज लोकांच्या दारात उभा राहतोस ना, तसाच राहा. हस, आणि पाणी माग." त्याला वाक्य एकच होतं, "बाई, घोटभर पाणी मिळंल का?" पहिल्याच टेकला ओके. माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढं चांगलं दिग्दर्शन केलं नाही आणि एवढं वाईटही नाही.

जत्रांच्या हंगामात तंबूवाल्यांनी सिनेमा फिरवला. शिराळ्याला पहिल्या खेळाला आम्ही दोघं बाहेर पडायच्या वाटेवर लोकांचं बोलणं ऐकत उभे राहिलो. मी तर खिशात डायरी ठेवली होती, शब्दन् शब्द उतरवायला. लढाईवरून आलेला एक सुभेदार म्हणाला, "गोळ्या खाल्ल्या गड्या, पर त्या खाकीवाल्यानं पाणी मागितलं तवा हात गार पडलं." एक म्हातारी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसत होती, "मेला गोड हसतोय कसा! हसणारं माणूसच वाईट." तिची सून म्हणाली, "आवं आत्याबाई, त्या बाईनं त्याला हुबंच कशाला केलं? मी असती तर कडी घातली असती." मढं हललं, आवाज मागं पडला, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. जो तो खाकीवाल्याबद्दलच बोलत होता. निवृत्ती माझ्या शेजारी धोतर-टोपीत उभा, ओठ दाबून हसत होता. मी हरखून डायरी भरत होतो. कुणाचं काय जळतंय ते मला दिसलं नाही.

महिनाभरानं तो कोल्हापूरला माझ्याकडं आला. पिशवीतल्या काचपट्ट्या तशाच कोऱ्या. "दार लावून घेत्यात रं," तो म्हणाला. "मला बघितलं की कडी. आतनंच वरडत्यात, ताप न्हाई कुणाला, जावा." मी हसलो. तो हसला नाही. एका घरात सहा वर्षांची मुलगी आठ दिवस थंडीतापानं फणफणत होती आणि तिची आई दोनदा कडी लावून आत बसली होती. पोर वाचली, पण दवाखान्यात न्यावी लागली. "मी दारातच हुतो गड्या. गोळ्या पिशवीत हुत्या. तिची आई मला भ्याली." मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं. "माझ्या हद्दीतली गावं तेवढी सोड. बाकी कुठं बी दाखव."

मी सोडली नाहीत. जत्रा संपू देत म्हणालो. लोक पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल बोलत होते आणि मला ते अजून ऐकायचं होतं. एवढंच कारण, दुसरं काही नाही. तो "बरं" म्हणाला आणि चहा न घेता गेला.

दारं उघडायला दोन वर्षं लागली. माझं त्यात काही नव्हतं, ते त्याचं त्यानं केलं. कडी लागली की अंगणाबाहेरूनच हाक मारायचा, उत्तर येवो न येवो, पंधरवड्यानं पुन्हा हजर. पुढं आमचं येणंजाणं पूर्वीसारखं झालं, त्यानं कधी शब्दानंही टोचलं नाही. त्यामुळं मीही विसरलो. माझ्यासारख्याला विसरायला काय लागतं!

दहाव्याला गेलो तेव्हा सुमनवहिनींनी उरलेलं सांगितलं. "त्या सिनेमापासनं ह्यांनी कुणाच्या दारात पाणी मागितलं न्हाई भावजी. माझ्या भावाची मिलिटरीची बाटली न्यायचं. म्हणायचं, त्ये वाक्य माझ्या तोंडून ऐकलं की बायका दचकत्यात." त्या दिवशी सकाळी तो ऊसतोडीच्या कोप्यांवर, मजुरांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, गेला होता. तिथं तिघं तापानं पडलेले. गोळ्या गिळायला म्हणून त्यानं बाटलीतलं सगळं पाणी त्यांना पाजलं आणि भर दुपारी पुढच्या गावात शिरला. गावच्या शेवटच्या घराच्या पायरीवर बसला तो पुन्हा उठलाच नाही.

मी त्या गावाला गेलो. न जाऊन कसं चालेल! मी निवृत्तीचा मित्र म्हटल्यावर त्या शेवटच्या घरातली बाई रडायलाच लागली. "आवं, दार उघडंच हुतं की! आमी आता कुठं लावतोय? हसलं, ताप हाय का इचारलं, पायरीवर टेकलं. मी आत भाकरी करत हुते. माठ हितंच हाय बघा, दाराला लागून. नुसतं पाणी म्हणलं असतं तर..." मी तिला काय सांगणार होतो? की बाई, तुम्ही त्या सिनेमाला भ्यालात तो सिनेमा माझा?

बाहेर आलो. हिवतापवाल्यांची एक रीत आहे. घरी जाऊन चौकशी केली की दाराशेजारच्या भिंतीवर आखलेल्या चौकोनात पेन्सिलीनं तारीख घालून सही करायची. मी उलटा चालत गेलो, शेवटच्या घरापासून वेशीपर्यंत, एकेक भिंत वाचत. अकरा घरं. अकराही भिंतींवर त्याची त्या दिवसाची सही आहे. म्हणजे अकरा उघड्या दारांत तो कोरड्या घशानं हसत उभा राहिला होता. शेवटच्या घराची सही जरा खाली उतरली आहे, पण अक्षर नेहमीसारखंच वळणदार.