लाटण्याला बांधलेला अंतरपाट

मुलीच्या लग्नातला अंतरपाट मी स्वतः विणणार, असं मी एका रविवारी जेवताना जाहीर केलं. बायकोने वरणाचं पातेलं माझ्यापासून लांब सरकवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज. तुमचं घरातलं एक तरी काम पूर्ण झालंय का आजपर्यंत?"

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक हार्मोनियम होती, तिच्यावर मला एका भजनाचं धृपद येत होतं. कडव्यापर्यंत मी पोचलो नाही. तीन पायांची एक खुर्ची होती, तिचा चौथा पाय मी बारा वर्षं करणार होतो. ऑफिसात मी एक फाइल कधी अर्धी ठेवली नाही. घरी आलो की मात्र माझं सगळं नव्याचे नऊ दिवस.

"त्यापेक्षा सरोजिनी मार्केटातून एक पांढरी चद्दर आणू," मुलगी म्हणाली. "पडदाच तर धरायचाय, यार."

पडदा. दिल्लीत वाढलेल्या मुलीकडून आणखी काय ऐकणार? मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरानवरीने एकमेकांचं तोंड पाहू नये म्हणून मधे धरायचं ते वस्त्र. आता आमची मुलगी आणि तिचा होणारा नवरा मानेसरला एकाच कारखान्यात कामाला, आणि तीन वर्षं कंपनीच्या एकाच बसमध्ये शेजारी बसून जात होती, हे मला मान्य आहे. पण रीत ती रीत. "चद्दर आणलीस तर मी लग्नाला यायचा नाही," मी म्हणालो. हे कुणीच मनावर घेतलं नाही.

विणायचं वेड मला हस्तकलेच्या एका जत्रेत लागलं होतं. तिथे ईशान्येकडची एक बाई जमिनीवर बसून विणत होती. तिच्या मागाचं एक टोक खांबाला बांधलेलं आणि दुसरं तिच्या कमरेला. मधे चार काठ्या, बस. ती मागे रेलली की धागे ताठ, पुढे वाकली की सैल. मी विचारलं, "मैं सीख सकता हूँ?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पेट अच्छा है आपका. धागा टाइट रहेगा." माझ्या पोटाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

खर्च करायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. कमरेचा पट्टा जुन्या होल्डॉलचा निघाला. लांबचं दांडकं फरशीच्या वायपरचं. धागे ठोकून बसवायला मुलीची शाळेतली लाकडी फूटपट्टी. पोटाजवळच्या दांडक्यासाठी घरभर शोधलं, शेवटी स्वयंपाकघरात हवं तसं गुळगुळीत, गोल लाकूड सापडलं. बायको म्हणाली, "अहो, ते लाटणं आहे."

"दोन आठवड्यांत परत देतो."

दिल्लीत पंधरा ऑगस्टला पतंग उडवतात, त्यांचा उरलेला दोरा मी उभ्या धाग्यांसाठी घेतला. फुकटचा, शिवाय मजबूत. त्यातला अर्धा काचेचा मांजा आहे हे माझ्या बोटांना आधी कळलं, मला नंतर. जे विणावं ते मांजा कापून टाकी. मग मिठाईच्या डब्यांना बांधतात तो पांढरा दोरा आणला. आडवा धागा म्हणून मुलीचे शाळेतले स्वेटर उसवले. ते सगळे बाटलीच्या हिरव्या रंगाचे होते. पांढऱ्या अंतरपाटाचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

क्वार्टरच्या भिंतीला खिळा ठोकायचा तर अर्ज करावा लागतो, म्हणून मी मागाचं टोक खिडकीच्या गजांना बांधलं. रोज ऑफिसला जायच्या आधी तासभर मी त्या गजांना जोडलेला असे. पट्ट्याचं बक्कल पाठीमागे होतं आणि ते माझं मला सुटत नसे. एकदा बायको दूध आणायला गेलेली असताना शेजारच्या पंजाबी काकू वाटीभर साखर मागायला आल्या. दार उघडंच होतं. मी खिडकीला बांधलेला, हातात फूटपट्टी, मांडीवर लाटणं. "भाईसाहब, किसने बाँधा आपको?" त्यांनी हळूच विचारलं.

"मैंने खुद," मी म्हणालो. त्यामुळे त्यांची काळजी वाढलीच. संध्याकाळपर्यंत सगळ्या ब्लॉकला कळलं की पोरीच्या लग्नाच्या टेन्शनने साहेबांना बांधून ठेवावं लागतं. दुसऱ्या दिवशी गाजराचा हलवा आला. बायकोने खुलासा केला नाही, कारण हलवा चांगला होता.

कापड मात्र काही केल्या ऐकेना. आडवा धागा जरा ओढला गेला की कडा आत येतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला लाटण्याइतकं रुंद असलेलं कापड मध्यावर वीतभर झालं. मी घाबरून धागा सैल सोडला, तर इतकी भोकं पडली की पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. मुलगी संध्याकाळी बसमधून उतरून आली की आधी खिडकीपाशी जाई, विणलेलं बोटांनी मोजी आणि चहा टाकायला जाई. तिचं ते मोजणं मला फार लागे. ती घरातून जायच्या आत माझ्या हातून एक तरी गोष्ट पुरी झालेली तिने पाहावी, एवढंच मला हवं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी चार हातांपैकी तीन हात विणून झाले होते. एक हात नुसते दोरे.

"कापून घ्या तेवढंच," बायको म्हणाली.

"कापलं तर सगळं उसवेल." गाठी मारून कडा कशी बंद करायची हा धडा मी अजून शिकलो नव्हतो. मुलीच्या मैत्रिणीच्या पिशवीत पांढरी चद्दर घडी घालून तयार होती, ती मला दिसली. मी अख्खा मागच उचलला आणि मांडवात नेला.

गुरुजींनी अंतरपाट मागितला तेव्हा वायपरचं दांडकं माझ्या मेव्हण्याने उभं धरलं. दुसरं टोक मलाच बांधायला हवं होतं, कारण ताण सुटला की भोकं मोठी होत. कापड उभं राहावं म्हणून पट्टा कमरेऐवजी जानव्यासारखा खांद्यावरून घेतला आणि लाटणं छातीवर उभं आलं. नवरा उंच, नवरी बुटकी. वीतभर कापडाने त्याची हनुवटी झाकली आणि तिचं कपाळ. बाकी सगळं दिसत होतं.

नवरा हरियाणाचा. त्याच्या ताऊजींनी, म्हणजे थोरल्या काकांनी, शेजाऱ्याला समजावून सांगितलेलं मी ऐकलं: "इनके यहाँ लड़की के बाप को बाँध देते हैं।" शेजारी म्हणाला, "ठीक ही है।"

माझ्या तिन्ही बहिणींनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती. मी मागे रेललेला. पाठ भरून आली, पण ढिलं पडायचं नव्हतं. मुलगी मान वळवून माझ्याकडे बघत होती आणि हसू दाबत होती. मीही बघत होतो. असं टक लावून तिच्याकडे मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

शेवटचं सावधान झालं. गुरुजी म्हणाले, "अंतरपाट उत्तरेकडे काढा."

उत्तरेकडे मी होतो. म्हणजे मलाच निघायचं होतं. मेव्हणा दांडकं धरून माझ्यासमोर आणि मी एकेक पाऊल मागे, कूलरपर्यंत. अक्षता पडल्या, हार घातले गेले, बँड वाजला. ते सगळं मी वीस पावलांवरून पाहिलं. हात गुंतलेले, म्हणून डोळेही पुसता आले नाहीत. मी चक्क रडत होतो.

थोड्या वेळाने ती दोघं नमस्काराला आली. मला वाकून तिला उठवता येईना. ती उठली, माझ्या मागे गेली, बक्कल सोडलं आणि सगळा माग सैल होऊन माझ्या पायांशी पडला. तिने तो गोळा केला. बोटांनी मोजला.

"किती राहिलं?" मी विचारलं.

"हातभर. राहू दे, बाबा. मी घेऊन जाते."

आता तो तिच्या गुडगावच्या बाल्कनीच्या गजांना बांधलेला असतो. मी दर दुसऱ्या रविवारी जातो. ती पाठीमागे बक्कल लावते, मी दोन ओळी विणतो आणि आज एवढं पुरे म्हणतो. परवा बायकोने विचारलं, "माझं लाटणं मला कधी मिळणार?" मी म्हटलं, अजून बरंच काम आहे, तू दुसरं आण.