हवालदारांची बंदूक

एकोणीसशे चाळीसनंतरच्या त्या वर्षांत मी इस्लामपूरच्या कचेरीत बंदुकांच्या परवान्यांचा कारकून होतो. पलटणीतून पेन्शनीवर आलेले एक हवालदार रोज समोरच्या हॉटेलात माझ्याशी वाद घालत. दरोडे वाढले म्हणून सरकारने परवाने कडक केले होते. त्याने खून कमी होतील, असं मी म्हणे. ते मिशीवरचा चहा पुसत विचारत, "आवं रावसाहेब, दरोडेखोर काय तुमच्याकडं अर्ज घिऊन येतुय व्हय?" सगळे हसत आणि मी हरत असे.

एका सकाळी ते खांद्यावर बंदूक घेऊन कचेरीत आले. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "जमा करून घ्या."

परवाना तर चालू होता. मी कारण विचारलं.

"काल बांधावरनं धाकट्या भावाशी भांडण झालं. घरात जाऊन म्या ह्या बंदुकीला हात घातला. बायकू आडवी आली, म्हणून..."

वाद मी जिंकलो होतो, पण ते बोलून दाखवावंसं वाटलं नाही. पावती लिहून दिली.

"परत कधी नेणार?"

"भाऊ जित्ता हाय तवर न्हाई."