दोन रिमोटवाले भाऊ

भाऊ माणसाच्या तोंडाआधी त्याच्या अंगठ्याकडे पाहायचे. राजुऱ्यात त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि समोरच्या शाळेत मी मास्तर. पहिल्याच भेटीत माझा अंगठा निरखून म्हणाले, "गुरुजी, खडू धरून धरून चपटा झाला तुमचा. तुमाले बटन मोठं पाह्यजे." मला वाटलं, माणूस जरा सटकलेला आहे.

होतेच. दुरुस्तीला आलेला एक जपानी व्हिडिओ गेम त्यांनी उघडला आणि टीव्हीवरून त्यांचं मन उडालं ते उडालंच. तो बनवणारा कोण, हे ठाऊक नव्हतं. पण भाऊ त्याला 'जपानीभाऊ' म्हणत. "इतका बारीक स्क्रू इथी काऊन लावला असन त्यानं?" असं तासन्‌तास चालायचं. शेवटी त्यांनी स्वतःचा खेळाचा डबा बनवला. कोणत्याही जुन्या टीव्हीला जोडा, गावाजवळच्या कोळसा खाणीवरच्या मजुरांच्या राठ अंगठ्यांनी कितीही दाबा, चालणारच.

त्या डब्याला खेळायचे रिमोट दोन. तिथे तडजोड नाही. भाऊंचं लग्न झालं नव्हतं, आईवडील गेले होते. शाळा सुटली की दुसरा रिमोट माझ्या हाती यायचा आणि मी रोज नेमानं हरायचो. "हरा ना गुरुजी, काय बिघडते? एकट्यानं खेळाले डबा कायले बनवू मी?" त्या वेळी मला ते हसण्यावारी न्यावंसं वाटे.

मग नागपूरच्या एका कंपनीनं डबा घेतला, डब्यासोबत भाऊंनाही नेलं. आधी डिझायनर, पुढे थेट संचालक. आम्ही पेढे वाटले. भाऊ मात्र फोनवर कुरकुरायचे, "काचेची केबिन देली, गुरुजी. दिवसभर मीटिंगच करून राह्यलो. पेचकस हाती घेतला का लोक धावत येतात, साहेब, राहू द्या म्हणून."

पुढे खर्च कमी करायला कंपनीनं दुसरा रिमोट काढायचं ठरवलं. भाऊ महिनोन्‌महिने भांडले. एका रविवारी नवा डबा घेऊन माझ्या घरी आले. रिमोट एकच. दुसरा जोडायला जागाच नव्हती.

"सही कोणाची?" मी विचारलं.

"माहीच. नाई केली असती तर डबाच बंद करत होते. हाताखालची पोरं घरी बसली असती."

मी समजून घ्यायला हवं होतं. पण मला राग आला होता, खरं तर वाईट वाटलं होतं. "मग आता माझं काय काम, भाऊ?" असं मी बोलून गेलो. त्यांनी रिमोट माझ्यापुढे धरला. "खेळा तुमी. मी पाह्यतो." मी तो घेतला नाही. चहा न घेताच ते गेले.

त्यानंतर त्यांचा फोन नाही, माझाही नाही. डबा जोरात खपतोय, भाऊंचा फोटो पेपरात येतो. गेल्या महिन्यात न राहवून कंपनीत फोन लावला. एका बाईंनी उचलला.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत. काही निरोप?"

"राजुऱ्याच्या गुरुजींचा फोन होता म्हणा. माझं चुकलं, एवढंच सांगा."

"कशासंदर्भात, सर?"

मीच फोन ठेवला.