प्याल्याची कड

करुणामय परमेश्वराला आणि आम्हां पतितांसाठी देह वेचणाऱ्या त्याच्या पुत्राला वंदन करून, उद्याच्या प्रभुभोजनाच्या निमित्ताने माझी एक जुनी लाज लिहून ठेवतो.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी, औरंगाबादेत संस्कृत शिकवीत असताना मी बाप्तिस्मा घेतला. जात सुटली, घर सुटले, जानवे उतरवले. एवढ्या त्यागानंतर देवाची शांती माझ्या हक्काची, असे मी धरून चाललो होतो. बारा वर्षे गेली. शांती आली नाही.

एकदा आईला भेटायला लासूर स्टेशनला गेलो. तिने ओसरीच्या पायरीवरच थांबवले. "ओंजळ कर रे, भांडं बाटेल," म्हणाली आणि तांब्यातून वरून पाणी ओतले. निम्मे मनगटावरून ओघळले. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात तिला बोल लावीत होतो.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होते. आमच्याकडे द्राक्षरसाचा प्याला एकच, सर्वांनी त्यालाच तोंड लावायचे. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, तो पहिल्या बाकापासून मागे नेत. घंटा वाजवणारे म्हातारबा दाराशी उभे होते. गंगापूरकडचे, त्यांच्या वाडवडिलांना गावाने वेशीबाहेर ठेवलेले. मी पुढे निघालो तसे ते हसून म्हणाले, "मास्तर, तुमचं लई बरंय. पुढं बसलं की आमचं उष्टं नाय लागत."

मी जागीच थांबलो. इतकी वर्षे पहिला घोट मीच घेत होतो. का, ते माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक होते. आईने निदान तोंडावर सांगितले होते.

मागे फिरलो आणि शेवटच्या बाकावर म्हातारबांच्या पलीकडे बसलो. ते प्याले, आणि सवयीने उपरण्याच्या टोकाने कड पुसू लागले.

"पुसू नका, बाबा."

"व्हय?" ते हलकेच म्हणाले. "मग इतकी वर्सं कुठं व्हतात?"

प्याला तसाच हाती घेतला. मी प्यालो. देवापुढे ठेवायला त्याग उरला नव्हता, विद्याही नाही. होती ती लाज. तिच्यासकट त्याने मला जवळ घेतले. माझ्या कमाईची नसलेली ती शांती आजवर ढळलेली नाही. मात्र म्हातारबांचा प्रश्नही तसाच उभा आहे, आणि आईला मी मनात जो बोल लावला, त्याची क्षमा मागण्याआधीच ती गेली.

वाचकहो, तुमच्या दारी कोणावर ओंजळ करण्याची वेळ न येवो. ज्याने आम्हां सर्वांचे उष्टे आपले मानले, त्याची कृपा तुमच्यावर आणि तुमच्या लेकराबाळांवर अखंड राहो.