आक्काचा भाऊ सिनेमात नेमका कुठे होता

आक्का सोफे दुरुस्त करायची. धंदा मूळ तिच्या वडिलांचा. ते गेल्यावर दुकान विकून टाका असा सल्ला देणारे पुष्कळ निघाले, पण आक्कानं कुणाचंही न ऐकता दुसऱ्याच दिवशी शटर वर केलं आणि अर्धवट राहिलेली खुर्ची पुढ्यात ओढली. लांबट, अरुंद दुकान; भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे उभे, वर पोटमाळा, आणि सगळीकडे फोमचा भुसा. काम करताना ती बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ओठांत धरायची आणि एकेक काढून ठोकायची. तिचा नवरा म्हणायचा, "लोक दुसऱ्याच्या चुका पोटात घालतात, आमची बाई तोंडात धरते." नवऱ्यानं सारी हयात बसच्या कंडक्टरकीत काढली होती. निवृत्त झाला तरी अख्खा रस्ता त्याला कंडक्टर म्हणूनच हाक मारायचा.

आक्काला एकच भाऊ. तिच्याहून बराच धाकटा. आई लवकर गेल्यामुळे तो या दुकानातच वाढला. पोटमाळ्यावरून खालच्या फोमच्या ढिगावर उडी मारायची, लगेच उठायचं, शिडी चढायची, पुन्हा उडी. त्यावरून त्याचं नाव पडलं चेंडू. आक्का ओरडायची, कधी पाठीत एक ठेवूनही द्यायची. पण चेंडूच तो, आपटला की वर येणारच. पुढे तो कराटे शिकला, मग आणखी कसल्या कसल्या मारामाऱ्या शिकला, आणि एक दिवस दुकानात येऊन म्हणाला, "आक्का, इंडोनेशियात सिनेमाचं काम मिळालंय. पडायचं."

"पडायचं म्हणजे?"

"मारामारी असते ना, त्यात पडायचं. उंचावरून, जिन्यावरून."

आक्काच्या ओठांत चुका होत्या. त्या तशाच धरून ती म्हणाली, "पडायला शिकावं लागतं होय? आम्ही तर आयुष्यभर फुकट पडतोय." दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. चेंडूही हसला. पण त्यानंतर त्यानं कामाविषयी अवाक्षर काढलं नाही. फोन नेमानं यायचा. जेवलो, बरा आहे, तू कशी आहेस, भावोजींची गुडघेदुखी कशी आहे. काम काय करतोस विचारलं की, "चाललंय." ताकास तूर लागू द्यायचा नाही. लोक विचारत, भाऊ काय करतो; आक्का म्हणायची, सिनेमात आहे. कुठल्या सिनेमात, ते तिला तरी कुठे ठाऊक होतं.

मग एका ओळखीच्या माणसाबरोबर एक पाकीट आलं. आत सिनेमाची डिस्क. आदल्याच दिवशी चेंडूचा फोन येऊन गेला होता. "पाकीट मिळालं की बघ. मी आहे त्यात. कुठला ते सांगणार नाही, तूच ओळख. आता आम्ही एका बेटावर चाललोय, तिथे फोन लागत नाही. आल्यावर विचारीन."

डबीवर जळती होडी होती, पुढे केस उडत असलेली एक तरुण बाई आणि शेजारी कोयता घेतलेला माणूस. मागच्या बाजूला आणखी पाच-सहा चेहरे. कंडक्टरनं चष्मा पुसून ते सगळे तपासले, जसे काही फुकटे प्रवासी. "यात नाही," तो म्हणाला. "किंवा हा धूसर आहे तो असेल. धूसर माणसाचं काही सांगता येत नाही."

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर माळ्यावरचा जुना प्लेअर खाली आला. त्याचा खण उघडेना, तेव्हा आक्कानं दाभण आणून तो उचकटला. शेजारच्या काकांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण काका जन्मभर जहाजावर आचारी होते आणि त्यांच्या भटारखान्यात इंडोनेशियाची माणसं होती.

"तुम्हाला भाषा येते ना, काका?" आक्कानं विचारलं.

"भटारखान्यापुरती," काका म्हणाले. हे त्यांनी आधीच सांगितलं, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

सिनेमा सुरू झाला. बोलणं त्या भाषेत आणि खाली उमटणाऱ्या ओळीही त्याच भाषेत. कंडक्टरनं रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. एकदा चित्र आडवं झालं, एकदा आवाज गेला, पण भाषा काही बदलली नाही. पडद्यावर एक धक्का होता, मिठाची गोदामं होती, आणि होडीची तिकिटं विकणारी ती डबीवरची बाई होती. एक म्हातारा तिच्याकडे निळी पेटी ठेवून गेला आणि बाहेर पडताच त्याला कुणीतरी भोसकलं.

"काय म्हणाला तो मरताना?" आक्कानं विचारलं.

काका पुढे सरकून बसले होते. "उद्या," ते म्हणाले.

"उद्या काय?"

"तेवढंच कळलं. उद्या."

पुढे बराच वेळ असंच चाललं. दोन माणसं चाकू रोखून एकमेकांशी दबक्या आवाजात बोलायची, इथे तिघांचा जीव टांगणीला लागायचा, आणि काका सांगायचे, "भात म्हणाला." किंवा, "गरम आहे म्हणतोय." किंवा, "थांब म्हणाला. आता कोण थांबतंय म्हणा." कोण चांगला, कोण वाईट, याचा पत्ता लागत नव्हता. एक टक्कल पडलेला माणूस कंडक्टरला पहिल्यापासून पोलीस वाटत होता.

"पोलीस आहे तर पोलिसांनाच का बडवतोय?" आक्का म्हणाली.

"आतून फितूर असेल."

"कोण आतून? तो की ते?"

थोड्या वेळानं टक्कलवाल्यानं त्या बाईच्या आईच्या पाया पडून तिलाच कोंडून घातलं, तेव्हा कंडक्टरनं चष्मा काढून पोटावर ठेवला.

आक्काचं लक्ष कथेत नव्हतंच. ती भाऊ शोधत होती. जिन्यावरून एक जण गडगडत आला. तिला वाटलं, हाच. पण तो पालथा पडला तेव्हा दिसलं, याचे कान मोठे आहेत. मग मिठाच्या ढिगात एकाला उलटा गाडला, फक्त पाय दिसत होते. पाय चेंडूसारखे होते की नव्हते? भावाचे पाय इतक्या वर्षांत नीट पाहिले कुणी. मग तोंडाला फडकी बांधलेली दहा-बारा माणसं आली आणि त्या तिकिटवाल्या बाईनं एकेकाला लोळवायला सुरुवात केली. आता तर कुणीही चेंडू असू शकत होता. दर खेपेला कुणी आपटला की आक्काचा खांदा आपोआप आकसायचा. त्या दुपारी तिनं भाऊ किती वेळा मेलेला पाहिला कोण जाणे, आणि दर वेळी तो दुसराच कुणी निघत होता.

"आदिक म्हणाला," मधेच काका उद्गारले. "हा शब्द मला पक्का माहीत आहे. धाकटा भाऊ. मला सगळे तेच म्हणायचे."

आक्का ताठ बसली. "कुणाला म्हणाला?"

"त्या बाईला."

"काका, ती बाई आहे," कंडक्टर म्हणाला.

"ते मला दिसतंय," काका थोडे दुखावून म्हणाले. "धाकट्या बहिणीलाही म्हणत असतील. मी भटारखान्यात होतो, तिथे बहिणी नव्हत्या."

तेवढ्यात ती बाई निळी पेटी छातीशी धरून गोदामाच्या छपरावर चढली. मागे टक्कलवाला. ती कडेपर्यंत धावली आणि तिनं खाली उडी टाकली. एका कापडी छतावर आदळली, तिथून मालाच्या ट्रकमधल्या पोत्यांवर, तिथून रस्त्यावर. डाव्या खांद्यावर एक कोलांटी घेऊन उठली, उजवा तळवा ढुंगणाला पुसला आणि पळत सुटली.

आक्का म्हणाली, "अहो, जरा मागे घ्या."

कंडक्टरनं मागे घेतलं. बाई पुन्हा पडली, पुन्हा उठली, पुन्हा तळवा पुसला.

"काय झालं?"

"काही नाही."

सांगणार तरी काय? चेंडू लहानपणी फोमवरून उठला की हाताला चिकटलेला भुसा अस्साच चड्डीला पुसायचा, तेही उजव्याच हातानं. पण या बाईला लांब केस होते, अंगात फुलांचा झगा होता, आणि पुढच्याच क्षणी तिचा चेहरा मोठा होऊन पडद्यावर आला तर तो चांगला देखणा, बाईचाच चेहरा होता. आक्का स्वतःशीच ओशाळली. म्हणजे आता आपल्याला येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांतही भाऊ दिसायला लागला.

सिनेमा संपला. होडी जळाली, टक्कलवाला रडला, पेटी कुणी तरी समुद्रात फेकली. काकांनी शेवटी "मीठ" एवढा एक शब्द सांगितला आणि ते घरी गेले. कंडक्टरचं मत पडलं की चेंडू जिन्यावरून पडलेला होता, कान मेकअपनं मोठे केले असणार.

सोमवारी दुकान बंद असायचं. कंडक्टर बाहेर गेल्यावर आक्कानं पडदा ओढला आणि तेवढाच तुकडा परत लावला. पडद्याजवळ, जमिनीवर बसून. उडी मारेपर्यंत एक बाई होती. हवेत गेली की दुसरीच कुणी तरी व्हायची. पोटऱ्या भरत, मान आखूड होई. उठून पळू लागली की चेहरा दिसायचाच नाही, केस मधे यायचे. आणि कोपऱ्यावर वळून थांबली की परत पहिली बाई. आक्कानं हे पाहिलं, पण त्याचा अर्थ काय लावायचा ते तिला उमगेना. माणूस अर्ध्या उडीत बदलतो कसा? आणि आपला भाऊ बाईचे कपडे घालून परक्या गावच्या छपरावर काय करतोय? हे कुणाला विचारावं, तर लोक म्हणतील बाईचं डोकं फिरलं.

बेटावरून परतल्यावर चेंडूचा फोन आला तेव्हा ती दुकानात एका आरामखुर्चीचे पट्टे ताणत होती.

"बघितलास का?"

"बघितला."

"मग? ओळखलंस?"

आक्कानं ओठांतल्या चुका काढून तळहातावर घेतल्या. "तुझे भावोजी म्हणतात, तू जिन्यावरून पडलास."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी..." ती अडखळली. "हे बघ, हसू नकोस. तू त्या बाईत होतास का?"

चेंडू हळू आवाजात म्हणाला, "कशावरून ओळखलंस?"

"हात पुसलास."

"दिग्दर्शक त्यावरून ओरडला होता. पण पडणं चांगलं झालं होतं, म्हणून राहू दिलं. माझी अंगकाठी बारीक ना, आक्का. म्हणून मला नट्यांची पडणी देतात. त्यांचे कपडे घालायचे, केस लावायचे, पडायचं. तोंड दिसू द्यायचं नाही. तुला कसं सांगणार होतो? आधीच तू म्हणाली होतीस, पडायला काय शिकायचं."

आक्काला ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं. चेंडूनं आठवण करून दिली, गिऱ्हाइकांसकट. माफी मागायची तिला सवय नव्हती आणि धाकट्या भावाची माफी मागतात का, हेही ठाऊक नव्हतं. शेवटी तिनं विचारलं, "खाली काय ठेवतात?"

"कुठे?"

"तू पडतोस तिथे. पोत्यांत काय होतं?"

"फोमचे तुकडे. वर मिठाचं पोतं दिसावं म्हणून गोणपाट."

"तुकडे? तुकडे सरकतात बाजूला. मधे खड्डा पडतो, तुझा खांदा थेट लाकडावर जात असेल."

"जातोच," चेंडू म्हणाला. "दुखतो कधी कधी."

"खाली अखंड कडक थर द्यायला सांग, वर मऊ. आणि चारी बाजूंनी शिवून घ्यायला सांग. मी करून पाठवू का?"

"आक्का, इतक्या लांब गादी कुठे पाठवतेस."

"मग त्यांचा माणूस फोनवर दे माझ्याशी."

चेंडू आता हसला, मोकळा हसला. बऱ्याच वर्षांनंतर ती दोघं कामाविषयी बोलत होती, आणि गंमत म्हणजे एकाच कामाविषयी. जाता जाता तिनं सिनेमाची गोष्ट काय होती तेही विचारलं. चेंडूला धड सांगता येईना. त्याला फक्त उड्यांपुरतं बोलवायचे.

संध्याकाळी तिनं कंडक्टरला सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं तो तुकडा पुनःपुन्हा पाहिला आणि म्हणाला, "पण मग जिन्यावरून पडला तो कोण?" जणू त्याचीही जबाबदारी आता या घरावर आली होती.

पुढे चेंडू थोड्या दिवसांच्या रजेवर आला. त्याला दुकानात उघडा बसवून आक्कानं त्याचा खांदा शेकला. खांद्यावरचे जुने-नवे डाग पाहून तिला एकदम रडू आलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की त्या छपरावरून असं पडणारा दुसरा कुणी नसेल. या दोन्हींतलं खरं कुठलं, ते तिला सांगता आलं नसतं. चेंडू परत गेला. तिनं जायला नको म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही; शिवलेली एक पातळ गादी गुंडाळी करून त्याच्या सामानाला बांधून दिली.

हल्लीच एका बाईंनी सोफ्याचं कापड निवडता निवडता विचारलं, "तुमचा भाऊ काय करतो?"

"पडतो," आक्का म्हणाली.

"आजारी असतो का?"

"नाही हो. सिनेमात. नटी पडते ना, ती नटी नसते, तो माझा भाऊ असतो."

बाईंनी हातातला कापडाचा नमुना खाली ठेवला. आक्कानं पुन्हा पहिल्यापासून समजवायला घेतलं, बाई उडी मारेपर्यंत बाई असते इथपासून. पण मधेच तिचाच धागा सुटला, आणि मग दोघी निमूटपणे करड्या आणि तपकिरी कापडाकडे वळल्या.