नेटचा डबा आणि बकऱ्यांचं टिन

माझ्या घरी कोण आलं, कोण गेलं हे नागपुरातून पाहायची काही गरज नव्हती. पण मागच्या साली आमच्या गावाजवळ मोहर्लीच्या रस्त्यावर वाघ वारंवार दिसू लागला, अन् नागपुरात राहणाऱ्या पोरीनं घरापुढच्या सपरीच्या समोरच्या खांबाले कॅमेऱ्याची घंटी ठोकून देली. आतल्या खोलीत नेटचा डबा बसवला. कामावरून आली का मोबाईलवर तुमाले पाहीन म्हणाली. मी काय सर्कशीतलं अस्वल आहो?

तरी पाहू दे म्हटलं. तर रोज दिवे लागायच्या वेळेस घंटीचं नेट जाय अन् पोरीच्या मोबाईलवर अंधार होय. मग तिचा फोन. पडले का, वाघ आला का. मी इकडे चुलीवर भात टाकून धडधाकट बसलेला राहो. शेवटी ती म्हणाली, "आता पुन्हा बंद पडली तं रविवारी गाडी घेऊन येतो, बाबा. घराले कुलूप लावू. इथीच राहा माझ्यापाशी."

हे घर मी अन् माझ्या बायकोनं माती तुडवून उभं केलं. एका घंटीपायी त्याले कुलूप?

कंपनीवाल्याले फोन लावला. तो म्हणे, डबा बंद करून चालू करा. केला. म्हणे, घंटीचं बटन दाबून धरा. अंगठा दुखेपर्यंत धरलं. म्हणे, पासवर्ड नवा टाका. चौथी शिकलेला माणूस मी, चष्मा पुसून पुसून तेही टाकलं. दिवसभर चालली, संध्याकाळी पुन्हा मेली. पोरगी म्हणे, तुमीच मुद्दाम काहीतरी करून राह्यले. हे मले फार लागलं.

शनिवारी बकऱ्या जंगलातून उशिरा आल्या. अंधार पडत आला तरी घंटीवरचा नेटचा निळा दिवा जळतच होता. बकऱ्या सपरीत घेतल्या अन् बिबट्याच्या भीतीनं रोज ओढतो तसं समोरचं सरकत्या पत्र्याचं टिन ओढलं. फटीतून पाह्यलं तं दिवा लाल. टिन सरकवलं, जरा वेळानं निळा. ओढलं, लाल. डबा आत, घंटी बाहेर, अन् मधात टिन.

तसाच पोरीले फोन लावला. "बाई, तुमच्या कंपनीवाल्यानं मले सगळं विचारलं. बकऱ्या कुठी बांधता, हे काऊन नाई विचारलं?"

ती हसली. मले हसू नाई आलं. टिन काढा म्हणाली, तं मी म्हटलं, मग बिबट्याले ताटही वाढू काय? टिनाच्या वर वीतभर फट आहे. डबा खोलीतून काढला अन् तिथी आडव्या लाकडाले दोरीनं बांधला.

रविवारी ती गाडी घेऊन आलीच. सांज होईपर्यंत बसली, मले टिन ओढायले लावलं, अन् बाहेर उभी राहून मोबाईल पाहत राह्यली. मग म्हणाली, "चालून राह्यली."

"मग कुलपाची गोष्ट पुन्हा काढायची नाई."

"नाई काढत, बाबा."

ती एकटीच परत गेली. दुसऱ्या दिवशी कंपनीवाल्याले मीच फोन केला, पुढच्या माणसाले आधी टिनाचं विचारत जा म्हणून सांगायले. तो म्हणे, काका, तुमची तक्रार आम्ही बंद केली आहे. मी म्हटलं, तक्रार माझी आहे. मी बंद करीन तवा होईन.