ऋतुराज चौगलेची जर्मनी

कसबा बावड्यातल्या ऋतुराज चौगलेला कुणाला 'नको' म्हणता येत नाही. चहा नको असला तरी तो चार घरचा चहा पितो आणि मग पित्ताची गोळी आणायला जातो. दुकानदार म्हणाला, "दोन घ्या की," तर दोन घेतो. अंगाने धिप्पाड, मिशी झोकदार, चालताना छाती पुढे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पैलवान आला. जवळ आल्यावर कळतं, पैलवान रिक्षावाल्याला वाट करून द्यायला गटारीकडेला उभा आहे.

असला माणूस पीएच.डी. करत होता यात नवल काहीच नाही. एम.एस्सी. झाल्यावर "मग पुढं काय?" असं विचारणाऱ्यांची तोंडं बंद करायचा तेवढा एकच सभ्य मार्ग उरतो. उसाच्या चिपाडापासून पाण्यात विरघळणारी पिशवी बनवायची, हा त्याचा विषय. बावड्यात चिपाडाला तोटा नव्हता. पिशवीही तयार झाली होती. फक्त ती पाणी दिसायच्या आधीच विरघळायची. बाहेर ढग आले की आत पिशवीचा लगदा.

पण आता गंमत संपत आली होती. ज्या फेलोशिपवर तो जगत होता तिची मुदत दिवाळीला संपणार होती. त्यानंतर दोन वाटा. एक, तासिका तत्त्वावर प्राध्यापकी, म्हणजे कॉलेजात शिकवायचं पण कॉलेजातला म्हणवून घ्यायचं नाही, आणि मे महिन्यात आपण जिवंत आहोत हे कॉलेजला आठवूही द्यायचं नाही. दुसरी वाट म्हणजे थोरल्या चुलत्याच्या पतसंस्थेत कारकुनी. दोन्हीकडे चिपाडाचं काम कायमचं बंद. आणि ते काम, खरं सांगायचं तर, ऋतुराजला मनापासून आवडायचं. प्रयोगशाळेत तो वेगळाच माणूस असायचा. तिथे तो चक्क 'नाही' म्हणायचा. "न्हाय, हे तापमान चुकलंय." बाहेर पडला की पुन्हा गटारीकडेला.

त्याच्या शेजारच्या टेबलावर अर्शी मुजावर काम करायची. अंगाने काडी, जीभ विळ्यासारखी. जर्मनीतल्या एका संस्थेच्या फेलोशिपची जाहिरात तिनेच शोधली. तीन वर्षं संशोधन, राहायची सोय, भरपूर पगार आणि बटण दाबल्यावर खरोखर चालू होणारी यंत्रं. दोघांनी अर्ज केले. महिन्याभराने दोघांचीही नावं इंटरव्ह्यूच्या यादीत आली.

"घरात सांगू नगंस," अर्शी म्हणाली.

"का?"

"तुझ्या घरात सांगितलं की चौकात सांगितल्यागत हाय."

ऋतुराजने संध्याकाळी घरात सांगितलं.

त्या घरात वडिलांपेक्षा थोरल्या चुलत्याचा शब्द मोठा. गणपतराव चौगले, सगळ्यांचे आबा. पतसंस्थेचे संचालक, तालमीचे अध्यक्ष आणि येत्या निवडणुकीत नगरसेवक व्हायचं म्हणून आत्तापासूनच सगळ्या मयतांना पहिल्या रांगेत उभे. बातमी ऐकल्यावर आबांनी आधी मिशी पुसली, मग फोन उचलला.

"फ्लेक्सवाल्याला लावा रे."

"आबा, आबा," ऋतुराज म्हणाला, "अजून निवड झाल्याली न्हाय. नुसतं यादीत नाव आलंय. इंटरव्ह्यू हाय म्होरल्या गुरुवारी."

आबांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "किती शिकलास लेका, आन् काय शिकलास? यादीत नाव आलं म्हंजीच निवड झाली. आमच्या संस्थेत बघतोस न्हवं? आधी पोरगं ठरतंय, मग यादी लागती, मग इंटरव्ह्यू. इंटरव्ह्यू म्हंजी नुसता च्या-बिस्कुटाचा कार्यक्रम."

"तिकडं तसं नसतंय, आबा."

"तिकडं काय माणसं ऱ्हात न्हाईत व्हय?"

इथे खरं तर ऋतुराजने पाय रोवून 'नाही' म्हणायचं होतं. तापमान साफ चुकलं होतं. पण ही प्रयोगशाळा नव्हती. तो म्हणाला, "तुम्ही म्हणताय म्हणल्यावर..."

दुसऱ्या दिवशी बावड्याच्या चौकात दुमजली फ्लेक्स लागला. 'जर्मनी सरकारकडून निवड झाल्याबद्दल डॉ. ऋतुराज चौगले यांचे हार्दिक अभिनंदन!' मध्यभागी आबा, हात जोडून. आबांच्या भोवती तालमीची पोरं, सगळी काळ्या चष्म्यात. खालच्या कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोत, ऋतुराज. जर्मनी सरकारला यातलं काही माहीत नव्हतं, आणि 'डॉ.' व्हायला अजून बराच लगदा बाकी होता.

अर्शी बसमधून उतरून खास बघायला आली. "अय डाक्टर," ती म्हणाली, "विरघळणारी पिशवी करतोयस, आन् तुझा सत्कार प्लास्टिकवर? हे तर शंभर वर्षं विरघळायचं न्हाय."

मग सत्कार सुरू झाले. पतसंस्था, दूध डेअरी, महिला मंडळ, सोसायटीचं गणपती मंडळ. आबा प्रत्येक ठिकाणी उभे राहायचे, माइकवर दोनदा फुंकर मारायचे आणि सुरू व्हायचे, "आज या ठिकाणी, या ठिकाणी उपस्थित असलेल्या सर्वांना मला या ठिकाणी एवढंच सांगायचं आहे की, संधी ही या ठिकाणी नसती, संधी ही त्या ठिकाणी असती!" टाळ्या. "आन् आमचा ऋतुराज या ठिकाणावरनं त्या ठिकाणी निघालाय!" पुन्हा टाळ्या. जर्मनी कुठे आहे याचं कुणालाच पडलेलं नव्हतं. ते ठिकाण होतं, एवढं पुरे.

उत्तरादाखल ऋतुराजला बोलावं लागायचं. पहिल्यांदा बिचाऱ्याने कागदावरून वाचलं. मग सराव झाला. "सर्वप्रथम मी या ठिकाणी व्यासपीठावरील सर्व मान्यवरांचे..." एकेक नाव घ्यायचं, कुणी सुटलं की वर्षभर बोलणं बंद. चार सत्कारांत त्याची जीभ इतकी वळली की घरी आईने भाकरी वाढली तरी तो तिचे आभार मानायला लागला.

इंटरव्ह्यूची तयारी तेवढी राहिली. अर्शी रोज विचारायची, "प्रयोग फसला तर काय करशील, हे विचारणार हाईत. उत्तर काय?" तो म्हणायचा, "त्याचं उत्तर माझ्याकडं हाय की." आणि ते होतंही. पिशवी का लवकर विरघळते, हे त्याला त्या पिशवीपेक्षा जास्त कळलं होतं. तीच त्याची खरी कमाई होती.

गुरुवार उजाडला. दुपारी इंटरव्ह्यू, कॉम्प्युटरवरच. अर्शीचा इंटरव्ह्यू बुधवारीच, विद्यापीठातल्या रिकाम्या वर्गात दार लावून झाला होता. "तू पण हितं ये," तिने बजावलं होतं. पण आबांनी त्याच दिवशी तालमीत मोठा सत्कार ठेवला होता. सकाळी दहाला.

"दहाला म्हंजी अकरापर्यंत सुटशील," आबा म्हणाले.

दहाचा कार्यक्रम दहाला सुरू झाला असता तर तो बावड्यातला कार्यक्रम झाला नसता. पाहुणे बिद्रीहून यायचे होते. ते निघाले म्हणून फोन आला, तेव्हा ते आंघोळीला निघाले होते. दुपार झाली. हलगी-घुमकं तापलं. ऋतुराजला फेटा बांधला, तो इतका घट्ट की भुवया वर चढून चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य बसलं. त्याने घड्याळ बघितलं. विद्यापीठात पोचणं आता अशक्य होतं.

"हितंच घे की!" आबा म्हणाले. "आत खोली हाय. आमी काय खातोय का तुझ्या जर्मनीला?"

आखाड्यामागच्या खोलीत, मुदगल आणि तेलाच्या डब्यांमध्ये, स्टुलावर लॅपटॉप उघडला गेला. फेटा सोडायला वेळ नव्हता. पडद्यावर तीन गोरी माणसं आली. मधल्या बाई पिकल्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. फेटा बघून त्या हसल्या, छान हसल्या, आणि इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्याविषयी थोडक्यात सांगा."

ऋतुराजने तोंड उघडलं, आणि आठवडाभराचा सराव बाहेर पडला. "फर्स्ट ऑफ ऑल, ॲट धिस प्लेस, आय थँक ऑल द डिग्निटरीज ऑन द डायस..."

पडद्यावरच्या माणसांनी मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं.

त्याने एकेका परीक्षकाचं नाव घेऊन आभार मानले. ॲट धिस प्लेस बरीच झाली. मग बाईंनी हळूच विचारलं, "तुमचा प्रयोग फसला तर काय कराल?"

आणि तिथे ऋतुराज एकदम प्रयोगशाळेत गेला. आवाज खाली आला, हात चालायला लागले. पिशवी कशी फसते, कुठल्या थरातून पाणी शिरतं, कुठल्या तापमानाला काय बिघडतं, हे तो सांगायला लागला. बाई पुढे वाकल्या. दुसऱ्याने पेन उचललं. ही दोन मिनिटं, बस्स, एवढीच दोन मिनिटं तो खरा होता.

दार उघडलं. आबा आत आले. मागे हलगीवाले, त्यांच्यामागे बिद्रीचे पाहुणे.

"चालू दे, चालू दे," आबा म्हणाले आणि पडद्यात डोकावले. "नमस्कार म्याडम! आमचं पोरगं सांभाळा. आमच्यात इंटरव्ह्यू घेणाऱ्याला रिकामं धाडायची पद्धत न्हाय!" त्यांनी भरजरी शाल झटकली आणि मोठ्या आदराने लॅपटॉपच्या खांद्यांवरून पांघरली. नारळ कळफलकावर ठेवला. हलगी कडाडली.

पडदा झाकला गेला. शालीखालून बारीक आवाज येत होता, "हॅलो? हॅलो? आम्हाला काही दिसत नाही."

शाल ओढून काढायला एक क्षण पुरला असता. ऋतुराजचा हात उचललाही गेला. पण थोरल्या माणसाने घातलेली शाल, तीही पाहुण्यांदेखत, काढायची कशी? त्याने हात जोडले. शालीकडे बघून तो हसत राहिला. हलगी थांबली तेव्हा शालीखालचा आवाजही थांबला होता.

पंधरवड्याने मेल आला. फार सभ्य होता. या वेळी जमलं नाही, पुन्हा अर्ज जरूर करा, तुमच्या उत्तराचा दुसरा भाग आम्हाला आवडला होता. अर्शीलाही नकारच आला.

"माझं बी नाव न्हाय," ती म्हणाली. "पण माझा फोटू चौकात न्हाय. मी पुन्हा भरणार हाय. नवीन यादी निघतीया. तू बी भर."

"कसं भरू? बावड्याच्या हिशोबानं मी जर्मनीला गेल्यातच जमा हाय की."

खरंच होतं ते. दूधवाला विचारायचा, "कवा निघणार?" न्हावी विचारायचा, "तिकडं दाढी कोण करतंय?" ऋतुराज मागच्या बोळाने घरी यायला लागला. शेवटी त्याने आबांना मेल वाचून दाखवला.

आबा जराही डगमगले नाहीत. "न्हाय म्हणाले? मग आपण आधी न्हाय म्हणालो हुतो."

"आबा, खोटं हाय ते."

"खोटं कसलं? तू गेलायस का? न्हाय. मग सोडलीसच की!"

चौकातला फ्लेक्स बदलला. 'मातीसाठी जर्मनी नाकारणारा बावड्याचा वाघ!' आबांचा फोटो तोच, आकार वाढलेला. पाठोपाठ शहरात, क्लासांनी भरलेल्या राजारामपुरीत, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर, आबांनी 'उच्चशिक्षण संधी मार्गदर्शन केंद्र' काढलं. प्रमुख मार्गदर्शक, डॉ. ऋतुराज चौगले. ज्याला फेलोशिप मिळाली नाही तो आता फेलोशिप कशी मिळवावी हे शिकवणार होता. अशा केंद्रांना राजारामपुरीत गिऱ्हाईक कमी पडत नाही.

तरी ऋतुराजने एक गोष्ट केली. कुणाला न सांगता, मोबाइलवर, नवा अर्ज पूर्ण भरला. पिशवी का फसते हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. फक्त पाठवायचं बटण दाबायचं राहिलं होतं. मुदत होती शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. केंद्राचं उद्घाटन शुक्रवारीच, चारला. म्हणजे अर्थातच पाचला.

हॉल पोरापोरींनी भरला होता. आबांनी माइकवर फुंकर मारली. "आज या ठिकाणी..." तालमीची पोरं मोबाइल वर धरून सगळं थेट दाखवत होती. ऋतुराजच्या खिशात फोन थरथरला. त्याने चोरून पाहिलं. अर्शी. 'माझा गेला. तुझा?'

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. चेहरा गंभीर, मांडीवर कोरी वही. "सर, तुम्ही जर्मनीला का नाही गेला? खरं सांगा. मला तिथंच अर्ज करायचाय."

ऋतुराजने आबांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. खरं उत्तर ओठांपर्यंत आलं होतं. ते सांगितलं असतं तर मुलीचं भलं झालं असतं, आणि त्याला खिशातलं बटण दाबायला तोंड राहिलं असतं. आबांनी नुसता घसा खाकरला.

"सर्वप्रथम," ऋतुराज म्हणाला, "मी या ठिकाणी सर्व मान्यवरांचे आभार मानतो. जर्मनी मोठीच आहे. पण आपली माती त्याहून मोठी आहे!"

छत उडेल अशा टाळ्या पडल्या. मुलीने 'माती' असं वहीत लिहून घेतलं. आबा डोळे पुसत पुढे आले, भरजरी शाल झटकली आणि या खेपेला पुतण्याच्याच खांद्यांवर पांघरली. हलगी कडाडली.

शालीखाली, खिशात, फोन पुन्हा थरथरायला लागला. थरथरतच राहिला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बाराकडे सरकत होता, ऋतुराज त्याच्याकडे बघून हसत होता, आणि त्याचे दोन्ही हात जोडलेले होते.